मावशी, लिफ्टमध्ये उडी मारू नकोस

गेल्या बुधवारी माझी मावशी गोदाघाटावरच्या बाजारातून मेथी आणि गिलकी घेऊन पाथर्डी फाट्याला घरी आली. लिफ्टमध्ये शिरली, सातचं बटण दाबलं आणि तिसरा मजला मागे पडल्यावर कठड्याला धरून तिने उडी मारली. वय ६७. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली. पुढची चाळीस मिनिटं मावशी, मेथी आणि बंद दार. मेकॅनिकने तिला बाहेर काढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, उडी मारली का?" उडीच्या हादऱ्याने दाराच्या लॉकचा काँटॅक्ट क्षणभर सुटला होता. दार उघडं आहे असं समजून यंत्राने लिफ्ट थांबवली, म्हणजे आपलं काम चोख केलं.

उडी कशासाठी? तर सराव म्हणून. तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आणि तोच आमच्या कंपनीच्या ग्रुपवरही येऊन पोचलाय. त्याचं म्हणणं असं: लिफ्ट कोसळू लागली तर जमिनीवर आदळायच्या अगदी आधी उंच उडी मारा, काही होत नाही, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय. लाइट गेली की लिफ्ट खाली येऊ शकते. चालत्या लिफ्टमध्ये उडी मारली की पायाखालची फरशी पुढे निघून जाते. वर जाताना शरीराचं वजन दुप्पट होतं, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी जिना वापरावा. आणि शेवटी, रोज एकदा उडीचा सराव करा. खाली हात जोडलेले आणि 'आपल्या माणसांना पाठवा'.

मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे. क्रेनचे रोप, म्हणजे तारांचे जाड दोर, तपासण्यात पंधरा वर्षं गेली. ग्रुपवर आलेल्या गोष्टी मी सहसा सोडून देतो, पण ही आमच्या घरातल्या गुडघ्यापर्यंत आली.

आधी ती शेवटच्या क्षणाची उडी. समजा, सगळंच तुटलं आणि लिफ्ट सातव्या मजल्यावरून मोकळी सुटली. अंतर साधारण २० मीटर, वेळ दोन सेकंद. तळाशी पोचताना वेग तासाला ७१ किलोमीटर. आता उडी. मी मावशीला हॉलमध्ये उडी मारायला सांगितली (सोफ्याला धरून, ओरडू नका). चार बोटं उंच गेली. तेवढ्या उडीत वर जाण्याचा वेग भरतो ताशी ४ किलोमीटर. ७१ मधून ४ वजा करा. ६७ च्या वेगाने आदळायचं. अर्धा मीटर उंच उडणारा तगडा पोरगा असला तरी त्याचे ११ वजा होतात, उरतात ६०. मेसेजमध्ये तिळाएवढं खरं आहे ते इतकंच: वजाबाकी होते. पण साठच्या वेगाने भिंतीवर गेलेली गाडी आणि सत्तरच्या वेगाने गेलेली गाडी, दोन्हींतलं माणूस बघायला कुणी थांबत नाही.

आणि ही वजाबाकीसुद्धा उडी मारता आली तर. डबा मोकळा पडत असतो तेव्हा आपणही त्याच्याबरोबर तेवढ्याच वेगाने पडत असतो. पाय फरशीवर असतात, पण फरशीवर भार नसतो. १९०७ साली आइन्स्टाइनला नेमकं हेच सुचलं होतं, की मोकळ्या पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. उडीसाठी आधी गुडघे वाकवून दबा धरावा लागतो. तिथे गुडघे वाकवले की आपण खाली बसत नाही, पायच वर येतात. विहिरीत सूर मारणाऱ्याला हवेत असताना दुसरी उडी मार म्हणून सांगण्यासारखंच.

बरं, कठड्याला धरून, रेटा देऊन कशीबशी मारलीच उडी. तर कधी मारायची? बंद डब्यात जमीन किती लांब आहे हे दिसत नाही. शेवटचा एक मीटर जातो सेकंदाच्या विसाव्या भागात, पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो. आणि जरा लवकर मारली तर? त्या तगड्या पोराच्या डोक्यापासून छत अर्धा-पाऊण मीटर. खाली ओढून आणायला वजन नाही, त्यामुळे साधारण पाव सेकंदात डोकं छताला. म्हणजे आधी वर आपटायचं आणि मग खाली.

अमेरिकेचं नाव घेतलंच आहे तर अमेरिकेतली खरी गोष्ट सांगतो. २८ जुलै १९४५. न्यूयॉर्कमध्ये दाट धुकं, आणि एक बी-२५ बॉम्बर विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ७९ व्या मजल्याच्या आसपास घुसलं. चौदा माणसं गेली. बेटी लू ऑलिव्हर नावाची लिफ्ट चालवणारी बाई आधीच जखमी झाली होती. तिला दुसऱ्या लिफ्टमधून खाली पाठवायला निघाले, तर विमानाच्या धडकेने दुबळे झालेले त्या लिफ्टचे रोप तुटले. डबा ७५ मजले खाली तळघरात गेला. वेग वाढला की लिफ्ट धरणारं गव्हर्नर नावाचं यंत्र असतं, त्याची दोरीही विमानाने कापून टाकलेली. कंबर, पाठ, मान मोडली, पण बाई वाचली. उडी मारून नव्हे. तुटलेल्या रोपांचा ढीग डब्याखाली जाऊन स्प्रिंगसारखा बसला आणि लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून चालते त्या अरुंद शाफ्टमधली हवा दाबली जाऊन तिची गादी झाली. रोप आणि गव्हर्नर एकदम जायला तिथे विमान यावं लागलं. पाथर्डी फाट्यावर भिशीच्या ग्रुपचं येतं.

कारण डबा एका रोपावर नसतोच. तीन, चार, कधी त्याहून जास्त रोप असतात आणि भरलेली लिफ्ट त्यांतला एकटाही पेलतो. तरी सगळे गेले असं धरा. ठरलेल्या वेगापेक्षा डबा पुरेसा जास्त पळाला की गव्हर्नर अडकतो आणि डब्याखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना चावून बसतात. असे जबडे शोधून काढणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला होता. फळी जेमतेम हलली आणि थांबली. लिफ्ट धंद्यात आली ती या जबड्यांच्या जोरावर.

लाइट जाण्याचं तर उलटंच आहे. लिफ्टचा ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो. स्प्रिंगने तो कायम आवळलेला असतो. लाइट गेली की लिफ्ट घट्ट थांबते. कंटाळा येतो, जीव जात नाही.

फरशी पुढे निघून जाते म्हणणाऱ्याने एकदा पंचवटी एक्स्प्रेसने जावं. भेळवाला भांड्यातले मुरमुरे वर उडवतो ते परत भांड्यातच येतात, मागच्या डब्यातल्या माणसाच्या मांडीत नाही. गाडीचा वेग मुरमुऱ्यांनाही असतोच. लिफ्ट एका वेगाने चालली असताना उडी मारली तर ती घरात मारल्यासारखीच. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या खोलीचं उदाहरण देऊन हे सांगून ठेवलंय. फरक पडतो तो लिफ्ट वेग घेताना किंवा सोडताना, आणि तोही किंचित.

किती किंचित, ते मोजलं. वजन दुप्पट होण्याच्या मुद्द्यात अर्धवट तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. रविवारी मावशीकडचा जुना काट्याचा वजनकाटा लिफ्टमध्ये नेला (डिजिटल नको, तो एक आकडा धरून बसतो) आणि तिला त्यावर उभं केलं. तळमजल्यावर ५८ किलो. लिफ्ट निघताना काटा ६२ वर गेला, दीडेक सेकंदात परत ५८, सातव्यापर्यंत तिथेच, आणि थांबताना ५४. चौथ्यावरचे काका आत शिरता शिरता आमच्याकडे बघून जिन्याने गेले. तर वाढ चार किलोची, भाजीच्या भरल्या पिशवीएवढी. वजन दुप्पट व्हायचं तर लिफ्टने एका सेकंदात तासाला ३५ किलोमीटरचा वेग घ्यायला हवा. मावशीची लिफ्ट फार तर साडेतीनने चालते. आणि तिला जिना चढायला लावणारे हे हितचिंतक कोण? पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी तिला लिफ्टच सांगितली आहे.

भीती बाळगायचीच तर वेगळी बाळगा. दार उघडतं आणि डबा आलेला नसतो, मोबाइलमध्ये डोकं घालून माणूस पाऊल टाकतो. किंवा दोन मजल्यांमध्ये अडकल्यावर जोर लावून दार उघडतो, खाली उडी मारायला जातो आणि डब्याखालच्या फटीतून शाफ्टमध्ये घसरतो. अडकलात तर घंटा दाबा आणि बसून राहा, मेथी निवडा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा कायदा आहे, परवाना आणि तपासणी लागते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो कागद मागा.

हे सगळं मावशीला समजावलं. शेवटी काउंटरवेटबद्दलही, म्हणजे रोपाच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनाबद्दलही सांगितलं: सहा माणसांची, ४०८ किलोची लिफ्ट असते तेव्हा पलीकडचं वजन रिकाम्या डब्यापेक्षा साधारण दोनशे किलोने जास्त ठेवतात. म्हणून ती एकटी आत असताना ब्रेक सुटलाच तर लिफ्ट खाली नाही, वर जाईल.

मावशीने चहाचा कप खाली ठेवला.

"वर? मग तेव्हा खाली बसायचं का रे?"