जुनं व्हर्जन सोडू नका, मेंटेनरलाही सोडू नका

तुमच्या सर्व्हरवर अजून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं २.७ व्हर्जन चालतंय ना? मग अभिनंदन, कोणी काही म्हणो, जागचे हलू नका. वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीने (म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडने) २.७ चा सपोर्ट काढला की रिलीज नोट्स वगैरे वाचत बसायचं नाही, थेट इश्यू (म्हणजे तक्रार) उघडायचा आणि मथळ्यात 'अर्जंट' लिहायचं. ती लायब्ररी सांभाळणारा बिचारा मेंटेनर हे काम रात्री घरचं सगळं उरकून फुकटात करतो, तो त्याचा प्रश्न.

मग विचारायचं, "आधी कळवायला नको का?" हे वाक्य फार मस्त बसतं. पायथॉन ३.० आलं डिसेंबर २००८ ला, २.७ आलं २०१० ला, त्याची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०१४ मध्ये खास तुमच्यासारख्यांसाठी पाच वर्षं वाढवून दिली, १ जानेवारी २०२० ला दुकान बंद झालं आणि तरीही एप्रिलमध्ये २.७.१८ म्हणून एक शेवटचं रिलीज काढलंच. म्हणजे अवघी अकरा वर्षं मिळाली. एवढ्या घाईगडबडीत माणसाने काय काय बघायचं?

कोणीतरी शहाणा सांगेल की जुनं रिलीज कुठे पळून गेलं नाहीये, व्हर्जन पिन करून टाक, म्हणजे तेच ठरावीक व्हर्जन वापरत राहा, काल चालत होतं ते आजही चालेल. मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे त्याला उत्तर देऊ नका. दुसरा सांगेल की कुठलं पायथॉन लागतं ते पॅकेजमध्येच लिहिलेलं असतं, ते बघून पिप हे पॅकेज बसवणारं टूल आपोआप तुम्हाला चालेल असं रिलीज उचलतं. पण पिपला ही अक्कल आली ९.० पासून, म्हणजे २०१६ ला, आणि तुमचं पिप त्याच्याही आधीचं. (हे इश्यूत लिहू नका हां, उगाच तेही अपग्रेड कर म्हणतील.)

"दोन ओळींचं तर काम आहे" हे तर म्हणायचंच. आता त्या दोन ओळी तपासायला टेस्ट चालवाव्या लागतात आणि टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टने ५.० पासूनच २.७ सोडलंय, वेबसाइटवाल्या जॅंगोने तर २.० लाच, आकडेमोडवाल्या नम्पायने २०१९ पासून २.७ साठी नवीन काही देणं बंद केलं, म्हणजे मेंटेनरने तुमच्यासाठी जुन्या पॅकेजेसचं अख्खं म्युझियम सांभाळायचं. सांभाळेल की! "मग तूच बदल करून पुल रिक्वेस्ट पाठव" म्हणाला तर "मी साधा युजर आहे हो" म्हणून मोकळं व्हायचं.

कोणी लिनक्सचं उदाहरण देईल, की ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर ते जन्माला आलं त्या ३८६ चाच सपोर्ट कर्नलमधून, म्हणजे त्याच्या गाभ्यातून, डिसेंबर २०१२ मध्ये काढला. म्हणायचं, बघा, ही खोड जुनीच आहे.

अगदीच कोणी ऐकेना तर फोर्क करायची, म्हणजे कोडची प्रत घेऊन आपला वेगळा प्रोजेक्ट काढायची, धमकी द्या. धमकी म्हणून फोर्क छान असतो, पण रागाच्या भरात एखाद्या दिवशी खरंच करून बसाल. पहिले दोन आठवडे मजेत जातील, चार स्टार पण मिळतील. मग एक इश्यू येईल, मथळ्यात 'अर्जंट', की तुमचा फोर्क २.६ वर चालत नाहीये.

२.६? अहो ते तर २०१३ लाच बंद झालं! इतकी वर्षं अपग्रेड करायला काय धाड भरली होती यांना?