कप वेगळा ठेवून टीबी जात नाही

आज सकाळी ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींचा कप कुणीतरी वेगळा काढून ठेवला. त्यांच्या नवऱ्याला टीबी निघालाय, म्हणून. मावशींनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. कप उचलून पिशवीत टाकला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या घरात असाच एक स्टीलचा पेला होता. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. दादाचा. पाहुणे आले की आई तो फळीवर मागे सरकवायची.

अरे, कपाताटातून नाही पसरत टीबी! हवेतून पसरतो. औषध सुरू नसलेला पेशंट खोकला की बंद खोलीत ते जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ला हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, आणि आपण अजून कपबशीशी भांडतोय. लाज वाटते.

भीती अगदीच खोटी नाही, मान्य. सुरुवातीला मास्क हवा, खिडक्या उघड्या हव्यात, घरातल्या सगळ्यांची तपासणी हवी. पण ती झाली का, हे मावशींना कुणी विचारलं?

दादाला पहिले २ महिने ४ औषधं होती, पुढचे ४ महिने २. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रक्त पडतंय समजून बाथरूमची कडी लावून रडत होता. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंग भरलं, आणि त्यानं गोळ्या सोडल्या. आळसानं नाही. दवाखान्याच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. लपायला त्याला त्या पेल्यानंच शिकवलं. मग रोग उलटला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जगातल्या साधारण पाव लोकांच्या अंगात हा जंतू गेलेला असतो. बहुतेकांना काहीच होत नाही. गाठतो तो उपाशी माणसाला, एचआयव्ही किंवा मधुमेह असलेल्याला, खाणीत दगडाची धूळ खाणाऱ्याला, तुरुंगात, एका खोलीत दहाजण झोपतात तिथं. हातावर पोट असलेल्याला ‘गोळ्या फुकट आहेत’ एवढं सांगून भागत नाही. रांगेत दिवस गेला की मजुरी बुडते. गोळीबरोबर पोटभर अन्न, जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला रोज, हेही औषधच आहे. त्याला दया म्हणू नका.

आईवर आता राग नाही माझा. तिलाही कुणी समजावलं नव्हतं. दादा बरा झाला, पण अजून कुणाच्या घरी पाणी मागत नाही.

दुपारी मावशींजवळ जाऊन बसले. “ताई, लांब बसा ना,” म्हणाल्या. धाकटी ३ वर्षांची आहे, तिची तपासणी झालेली नाही. इतक्या लहान मुलाला आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. उद्या सकाळी आम्ही दोघी तिला घेऊन जातोय. मावशींचा कप पुन्हा सगळ्यांच्या कपांत ठेवलाय. कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा.