मांजरी कट्ट्यात भरून नाल्यापलीकडे सोडणाऱ्यांनो

सध्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या एकूण एक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर "सावधान!", खाली "दहा जणांना पाठवा". मजकूर असा: नसबंदी केलेली मांजर उंदीर धरत नाही, तिला एकदा तरी विऊ द्यावं लागतं, नाहीतर तिला गाठी होतात, तिचा केस पोटात गेला तर गरोदर बाईचं मूल दगावतं, नसबंदी करताना तिचा कान कापतात, हे पाप आहे, आणि खरा उपाय म्हणजे मांजरी कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, भरून दुसऱ्या शिवारात सोडणं. असले मेसेज मी उघडतही नाही. पण आईनं हा वहिनीला वाचून दाखवला आणि वहिनीला तिसरा महिना चालू आहे. आता वहिनी कोठ्याकडे फिरकत नाही आणि आई रोज माझ्यामागे लागते, "टाकून ये न बापा एकदाच्या."

तर आधी या कट्ट्याचंच बोलू, कारण गावात हा उद्योग खरंच चालतो.

मांजरी येतात त्या सोयाबीन-तुरीच्या कट्ट्यांवरच्या उंदरांसाठी, उकिरड्यासाठी, चिकनच्या दुकानामागच्या आतड्यांसाठी. तुम्ही मांजरी नेल्या, पण हे सगळं जागेवरच राहिलं. मग शेजारच्या शिवारातली मांजरं तिथे येणार नाहीत तर काय? ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या जंगलात संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि 2014 साली छापलं. दोन ठिकाणी वर्षभराहून जास्त काळ मांजरं पकडून मारली आणि कॅमेरे लावून उरलेली मोजली. मांजरं कमी झाली नाहीत, वाढली. एका ठिकाणी 75 टक्के, दुसऱ्या ठिकाणी 211 टक्के. ठाण मांडून बसलेली मोठी मांजरं गेली आणि बाहेरची आत शिरली, असा त्यांचा अंदाज. हे काही मांजरांवर जीव ओवाळून टाकणारे लोक नव्हते. तिथल्या रानातले छोटे प्राणी वाचावेत म्हणून मांजरं कमी करायला निघाले होते. बंदूक-पिंजरे असलेल्यांची ही गत, तर तुमच्या एका कट्ट्यानं काय होणार?

आणि कट्ट्यात कोणती मांजर सापडते? माणसांना सरावलेली, आणि कधीकधी ती दूध पाजणारी असते. मग तिची पिल्लं कुटाराच्या ढिगात राहतात. तीन-चार आठवडे त्यांना आईच्या दुधाशिवाय दुसरं काही चालत नाही. मग वास सुटला की शोधत बसा. जनावराची उपासमार होईल अशा ठिकाणी त्याला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हे मेसेजवाल्याला ठाऊक नसावं.

आता वहिनीचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. केसानं काही होत नाही. पण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो. मात्र पहिल्या लागणीनंतर मांजर तो साधारण एक ते तीन आठवडेच टाकते आणि ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. माणसाला तो कच्च्या राहिलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातांतूनही होतो. म्हणून वहिनीनं मांजरीची घाण काढू नये, ते काम दादानं करावं. मटण नीट शिजवावं, वावरातून आल्यावर साबणानं हात धुवावेत. मांजर बाहेर घालवली तरी ही काळजी चुकत नाही.

उंदरांचं म्हणाल, तर शिकार काही गर्भाशयातून येत नाही. नसबंदीनंतर मांजरीला कमी खाणं पुरतं, म्हणून ती अंगानं सुटते, एवढंच. गाठींचं तर साफ उलटं आहे: सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका फार कमी असतो. "एकदा तरी विऊ द्या" म्हणणाऱ्यानं मग ती पिल्लं सांभाळावीत. चार-पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि आधीची पिल्लं पीत असतानाच परत माजावर येऊ शकते.

नसबंदीतही अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू? दहातल्या दोघींची केली तर उरलेल्या आठ कसर भरून काढतात. जवळपास सगळ्यांचीच करावी लागते, बोक्यांचीही. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात ती सोय असेलच असं नाही, आधी विचारून जा. नाहीतर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत चौकशी करा. पिंजऱ्यात सुकट ठेवली की मांजर येते. दार पडलं की वरून जुनं लुगडं टाका, धडपड थांबते.

राहिला कान. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं जेमतेम सेंटीमीटरभर टोक कापतात, म्हणजे तीच मांजर परत टेबलावर जात नाही. पिंजऱ्यात तसा कान दिसला की तिथेच दार उघडायचं.