चमकीशेजारची प्रत्येक गाठ केलॉइड नसते

"नाक टोचल्यावर बाजूला गाठ आली की समजा केलॉइड झालं. चमकी लगेच काढा, लिंबात कालवलेला चुना लावा, समुद्राच्या पाण्यानं धुवा, आठ दिवसांत गाठ गळून पडते. नाही पडली तर कापावीच लागते." गेल्या महिन्यात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि भिशीच्या. केलॉइड म्हणजे मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण. माझ्या भाचीनं यातला चुन्याचा उपाय करून पाहिला आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक, कारण पुढचे उपाय त्याच्यावरच उभे आहेत. भाची लालबागला राहते, करी रोडहून लोकलनं कॉलेजला जाते. नाक टोचून पाच आठवडे झाले होते. चमकीच्या बुडाशी मसुराएवढा लालभडक, ओलसर फुगवटा आला. टॉवेल नुसता लागला तरी रक्त यायचं, उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी एक ठिपका. घरात सगळे म्हणाले, केलॉइड. ते केलॉइड नव्हतं. जखम सारखी घासली गेली की भरून येताना तिथं कच्चं मांस जास्त वाढतं, त्याला डॉक्टर ग्रॅन्युलोमा म्हणतात. केलॉइड असं जरा धक्का लागला की वाहत नाही.

पांढरं तोंड धरलेली, ठणकणारी पुळी असेल तर तो जंतुसंसर्ग. टणक, गुलाबीसर, पण छिद्राच्या हद्दीतच राहणारी गाठ म्हणजे वाढलेला व्रण. तो पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि बऱ्याचदा काही महिन्यांत आपणहून बसतो. केलॉइड सावकाश येतं, जखम भरून गेल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षानंही. ते चकचकीत असतं, खाजतं, आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरतं. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी खेकड्याच्या नांगीवरून त्याला हे नाव दिलं. कोळीणीच्या पाटीतला खेकडा पाहिलेल्या माणसाला हे नाव वेगळं समजावून सांगायला नको. नाकापेक्षा कानाच्या पाळीवर ते जास्त दिसतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं. आईच्या किंवा बहिणीच्या दंडावर लशीचा व्रण फुगून वाढलेला असेल, तर नाक टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

आता चुना. चुना अल्कली आहे, तो ओल्या मांसाला भाजतो आणि आत उतरत जातो. लिंबू आम्ल आहे, ते उघड्या जखमेला वेगळं झोंबतं. भाचीच्या नाकपुडीची कातडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडली, मग काळी खपली धरली. गाठ होती तशीच राहिली, वर भाजल्याची जखम झाली. टूथपेस्ट आणि ॲस्पिरिनचा लेप हेही त्याच वर्गातले.

"चमकी लगेच काढा" हेही सरसकट खरं नाही. पू असताना चमकी काढली तर छिद्र वरून बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायची की बदलायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. खाज, पुरळ, पाणी येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, तेव्हा धातू बदलावाच लागतो. आमच्या आईचा आग्रह असायचा, तार रोज गोल फिरव, नाहीतर चिकटेल. तिची माया मी जाणते, पण त्या फिरवण्यानंच आतली नवी कातडी रोज फाटते.

समुद्राचं पाणी तर नकोच. जखमेला चालणाऱ्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, समुद्रात साधारण 35. शिवाय वरळी आणि वांद्र्याच्या समुद्रात शहराचं सांडपाणी सोडलं जातं. ते पाणी उघड्या जखमेवर घ्यायचं? औषधाच्या दुकानात सीलबंद नॉर्मल सलाईन मिळतं. दिवसातून दोनदा तेवढं पुरे.

शेवटचं वाक्य, कापण्याचं. केलॉइड नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. म्हणून सुरुवात बहुधा गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन करतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. सोबत सिलिकॉन जेल, कधी गोठवण्याचा उपचार. कापलंच तर पुढे इंजेक्शनं घ्यावी लागतात. भाचीला यातलं काहीच लागलं नाही. डॉक्टरांनी आखूड दांडीची, रुतणारी चमकी काढून त्याच बैठकीत जरा लांब दांडीची टायटॅनियमची घातली, सलाईन आणि मलम दिलं. सहा आठवड्यांत गाठ बसली. चुन्याचा डाग मात्र अजून आहे.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, केसपेपर काढून दाखवता येतं. ताप आला, लाली गालावर पसरली किंवा डोळ्याभोवती सूज आली तर ओपीडीच्या वेळेचीही वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. नाकाच्या भागातल्या शिरा आत मेंदूकडच्या शिरांना जोडलेल्या असतात, आणि तिथवर पोचलेला संसर्ग जिवावर बेततो.