रानं पड पडली ती आळसामुळे नव्हे

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: 'रेशनचा तांदूळ फुकट मिळायला लागला आणि लोकांनी शेती सोडली. पड रान आता पिकायचं नाही. प्लॉट पाडून विका, खायला बाजारात सगळं मिळतं.' वाचून चीड येते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रेशन. कर्नाटक सरकारची रेशनच्या तांदळाची अन्नभाग्य योजना आली २०१३ साली. आपल्याकडची पोरं गोवा, पुणे, मुंबई धरायला लागली ती त्याच्या कितीतरी आधी. आणि आळशी माणूस फौंड्रीत किंवा गोव्यातल्या बांधकामावर राबायला जात नाही.

मग रान का पडतं? जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा भागात कुणालाही विचारा, आधी गवे आणि रानडुकरं हेच उत्तर मिळेल. भात पोटरीत आलं की कळप उतरतो आणि एका रात्रीत वर्ष जातं. माळ्यावर राखण करायला घरात तरणं माणूस उरलेलं नाही. एकाने कंटाळून रान सोडलं की त्यात रानमोडी आणि घाणेरीची झुडपं माजतात, डुकरांना लपायला जागा होते आणि पुढच्या साली शेजाऱ्याचं पीक जातं. मग तोही सोडतो. शिवार असं एकेक बांध ओलांडत पडतं. म्हणून एकट्याने दोन गुंठे साफ करून भागत नाही. सलग पट्टा धरून झुडपं काढायची, सामाईक सौर कुंपण घालायचं, तारेखालचं गवत वेळच्या वेळी कापायचं आणि राखणीचे पैरे, म्हणजे आळीपाळीच्या पाळ्या, लावायचे, तेव्हाच पीक घरी येतं. वन खातं कुंपणाला अनुदान देताना एकेका सातबाऱ्याऐवजी अख्खं शिवार बघेल, तर बरंच साधेल.

दुसरी अडचण कायद्याची. १९७४ पासून कर्नाटकात, सैनिकांसारखे मोजके अपवाद सोडले तर, शेतजमीन खंडाने देता येत नाही. कुळांना न्याय देणारा तो कायदा मोलाचाच होता. पण पुण्यातला मालक आज गावातल्या भूमिहीनाला उघडपणे चार वर्षं रान कसायला देऊ शकत नाही. त्यात उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि खाली पंधरा वारस. २०२० मध्ये बिगरशेतकऱ्याला जमीन विकत घ्यायची मोकळीक मिळाली, कसू बघणाऱ्या शेजाऱ्याला मात्र वाट नाही. हा अन्याय आहे.

'पड रान पिकत नाही' हे तर साफ चूक. पडलेल्या तांबड्या मातीवर झाडोरा कुजून वरचा थर उलट सुधारलेला असतो. पहिल्या साली भाताचा हट्ट धरू नये. ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा, नाहीतर कुळीथ घ्यावा. दोन्हींच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. मग उतारावर नाचणी, निचऱ्याच्या जागी रताळी. खाचरांचे, म्हणजे भाताच्या बांधलेल्या वाफ्यांचे, फुटलेले बांध घालून पाणी ठरायला लागलं की भात.

राहिला बाजार. रेशनच्या तांदळाने पोट भरतं आणि ते भरलंच पाहिजे. पण शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. घरच्या रानात नाचणी-कुळीथ असेल तर बाळंतिणीच्या ताटात पडतो. विकत आणायचा तर आधी पैसे बघावे लागतात. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातल्या बासमतीचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्या मातीवर एकदा प्लॉट पडले की पुन्हा खाचर होत नाही. पड रानाचं खाचर मात्र येत्या पावसाळ्याआधी बांध घातले तरी होतं.