उणे दोनशे शहाण्णव

खात्यात पैसे नाहीत, हे कळायला मला कधी बँकेची गरज पडली नाही. ते काम घरचे फुकटात करतात. पण पैसे नाहीत म्हणून त्याच खात्यातून पैसे कापायचे, ही अक्कल मात्र बँकेचीच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो. मालकांनी पगाराची बँक बदलली, जुनं खातं तसंच राहिलं. आत ४१२ रुपये. पगार यायचा थांबला की पगाराचं झीरो बॅलन्स खातं गपचूप साधं बचत खातं होतं आणि त्याला किमान शिल्लक लागू होते. हे मला पासबुकातनं कळलं. 'एमएबी सीएचजी' ३००, म्हणजे किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, खाली जीएसटी ५४. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पहिल्या खेपेला ५८ उरले, दुसऱ्या खेपेला उणे २९६. जीएसटी हा वस्तू आणि सेवा कर. यात मी वस्तू कुठली नेली आणि सेवा कुठली घेतली, हे हिशेबनीस असूनही मला लागेना.

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येतंय असं नाही. पण टाकी रिकामी दिसली म्हणून कुणी आत उतरून उरलेली बादलीभर उपसून नेत नाही.

शाखेत गेलो. रांगेत पुढं एक आक्का होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, पेन्शनचं पासबुक घेऊन. त्यांचे वीस रुपये गेले होते. काउंटरवरच्या पोरानं समजावलं, "सुरक्षा विमा आहे मावशी, वर्षाला २० रुपयेच. अपघातात जीव गेला तर दोन लाख मिळतात."

"मला?"

"नाही, वारसाला."

"मग त्याच्या खात्यातनं काप की!" आक्का म्हणाल्या. असा मुद्देसूद युक्तिवाद त्या शाखेत नंतर माझ्याकडूनही झाला नाही.

मला साहेबांकडं पाठवलं. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता आणि तो आमच्याच कारखान्याचा होता. दुहेरी दुमडीची कड, त्यावर निळी पट्टी. मी अंधारातही ओळखेन. म्हटलं, चला, निदान ओळखीचं कुणीतरी आहे.

"सिस्टीमनं कापलेत ओ," साहेब म्हणाले.

"मग सिस्टीमला सांगून परत टाका."

"ते आमच्या हातात नसतं."

"बरं, खातं तरी बंद करा."

"आधी २९६ भरा. मायनसमधलं खातं बंद होत नाही."

म्हणजे नव्हते ते पैसे त्यांनी कापले, आणि आता ते मी घरून आणून द्यायचे. कापण्याआधी कळवलं का नाही, विचारलं, तर "एसएमएस गेला असेल." त्याच नंबरवर यांच्या कर्जाच्या ऑफरी रात्री-अपरात्री बिनचूक येतात. तेवढा एकच वाट चुकला.

पार्क चौकात आमच्या गल्लीतले अण्णा भेटले. बँकेतनंच रिटायर. "कुठं फिरलालास बे उन्हाचं?" सगळं ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तोंडी काय बोललालास? लिहून दे." मग बशीकडं बघत सांगायला लागले. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, २० नोव्हेंबर २०१४. शिल्लक कमी पडली की आधी कळवायचं, भरायला महिना द्यायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या हिशेबात घ्यायचा. आणि नुसत्या दंडापायी बचत खातं उण्यात जाता कामा नये. १ एप्रिल २०१५ पासून लागू. नोकरीत असताना अण्णांनी हे कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही. चहा त्यांच्याकडनं होता.

अर्ज लिहिला. खरी लढाई पुढंच होती, पोच मिळवायची. अर्ज घ्यायला सगळे तयार. शिक्का म्हटलं की शिक्केवाले जेवायला गेलेले, शिक्केवाले आले की शाईचा पॅड वाळलेला. शेवटी मीच पॅडवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडले. उमटला तो शिक्का असा फिकट, की तारीख उन्हात धरून वाचावी लागे.

पण पोच ती पोच. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, ऑनलाइन आणि फुकट. मुदत सरत आल्यावर मी पोच हातात धरून साहेबांना इतकंच विचारलं, "लोकपालाच्या अर्जाला हीच जोडायची ना?" साहेबांनी टॉवेलनं मान पुसली आणि मला बसायला खुर्ची दिली.

सिस्टीमच्या हातात काय असतं ते मग कळलं. दोन्ही वेळचे तीनशे आले, दोन्ही वेळचे चोपन्नही आले. शिल्लक जैसे थे, ४१२. ती पुन्हा कुणाच्या नजरेला पडायच्या आत मी खातं बंद करायचा फॉर्म मागितला.

फॉर्मवर एक रकाना होता, बंद करण्याचे कारण. मी सविस्तर लिहिलं. परिपत्रकाच्या तारखेसकट, आणि जागा संपली तसं समासातही. काउंटरवरच्या पोरानं ते सावकाश वाचलं, मागं साहेबांकडं एकदा पाहिलं आणि कोरा फॉर्म पुढं सरकवला.

"काका, 'वैयक्तिक' लिहा ओ. वर पाठवावं लागतंय."