बी२७, जंतू आणि अँटिबायोटिक : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपला आक्षेप असा की, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या सांध्यांना दाह होणाऱ्या आजाराच्या मुळाशी जंतू असतील तर अँटिबायोटिकच्या एका कोर्सने तो बरा व्हायला हवा, आणि एचएलए-बी२७ (थोडक्यात बी२७) हे जनुक त्याचे कारण असेल तर जंतूंचा विषय काढून मी रुग्णांचा गोंधळ वाढवला. माझ्या लेखातील ‘बी२७ असलेल्यांना हा आजार होतो’ हे वाक्य सैल होते, हे मला मान्य आहे. मात्र दोहोंपैकी एकच कारण खरे मानावे, हे मला पटत नाही.

१९७३ साली लंडनमध्ये ब्रूअर्टन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत बी२७ सापडले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत फक्त ३ जणांत. तरीही बी२७ बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांची पाठ जन्मभर ठणठणीत राहते. पुढे माणसाचे हेच जनुक घातलेल्या उंदरांना आतड्यांचा आणि सांध्यांचा दाह झाला. पण तसेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तेव्हा दोन्ही अवयव शाबूत राहिले. जनुक तेच असताना केवळ जंतू नसल्याने एवढा फरक पडतो, म्हणून मी जंतूंचा विषय काढला. क्लेब्सिएला या एकाच जंतूवर ठपका ठेवणारी कल्पना मात्र सिद्ध झालेली नाही.

अँटिबायोटिकच्या प्रश्नाचे उत्तर या आजाराच्या भावंडात, रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसमध्ये, अधिक स्पष्ट दिसते. साल्मोनेला किंवा यर्सिनिया या जंतूंमुळे जुलाब होतात, थांबतात, माणूस कामाला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजून गरम होतो. त्यातले पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, लावले तर काहीच वाढत नाही. मात्र १९८९ साली फिनलंडच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या सांध्यातील पेशींमध्ये यर्सिनियाचे अवशेष आढळले. म्हणजे गुडघा सुजतो तेव्हा तिथे मारण्याजोगा जिवंत जंतू बहुधा उरलेलाच नसतो. चालू असतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीने मांडलेला दाह. स्पॉन्डिलायटिसमध्ये तर आतड्यात कायम वस्तीला असलेल्या असंख्य जंतूंचा प्रश्न आहे, आणि ते सगळे एका कोर्सने हटवता येत नाहीत, हटवूही नयेत.

माझ्या भावाला हाच आजार आहे. त्याच्या बी२७ तपासणीच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापलेले पाहून आईने देवासमोर दिवा लावला होता. त्याच्या निदानात त्या शब्दाइतकेच वजन होते ते पहाटे चारला पाठ आखडून जाग येण्याला आणि चालल्यावर मोकळे वाटण्याला. म्हणून ते वाक्य मी आता असे बदलले आहे : ‘बी२७ असलेल्यांपैकी थोड्यांनाच हा आजार होतो.’